शेजारी झोपणाऱ्याचं म्हणणं

मुकादम उजवा हात मनगटातून वर उचलायचे आणि म्हणायचे, "हाबेस!" बोटं उघडायची नाहीत, मिटायची नाहीत, नुसता पंजा वर यायचा. तेवढ्यावर त्यांना सांभाळायला ठेवलेले नेऱ्याचे काका त्यांच्या काखेत हात घालून त्यांना पलंगावरून उचलायचे. खुर्चीवर टेकायच्या आधी दुसरी आरोळी व्हायची, "आरिया... आरिया... बस!" हाबेस म्हणजे उचल, आरिया म्हणजे सोड खाली. कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेनवाल्याला असेच हुकूम देतात. मुकादमांनी अर्धं आयुष्य तिथे सळ्यांचे गठ्ठे चढवले आणि उतरवले. मग एके दिवशी ट्रेलरवरून मागच्या मागे पडले आणि मान मोडली. तेव्हापासून क्रेन म्हणजे काका, आणि गठ्ठा म्हणजे स्वतः मुकादम.

"जपून रं, माल नाजूक हाय," असं वर हसून म्हणायचे.

मी श्वासाचं मशीन लावणारी बाई. पनवेलला आमचं दुकान आहे, आजारी माणसाला घरी लागणाऱ्या वस्तूंचं. खाटा, वॉकर, ऑक्सिजनची नळकांडी, सगळं. त्यात झोपेची तपासणी हे माझं खातं. संध्याकाळी पेशंटच्या घरी जायचं, छातीला पट्टा, नाकाखाली नळी आणि कानाला नाहीतर बोटाला चिमटा लावून द्यायचा, आणि घरी यायचं. सकाळी जाऊन सगळं सोडून आणायचं आणि कॉम्प्युटरला जोडायचं. लोकांच्या रात्री मी दिवसा वाचते. माझ्या नवऱ्याला हा धंदा चावट वाटतो. स्वतः ट्रॅक्टरसारखा घोरतो, मग वाटणारच.

तुम्ही खांदा कॉलनीतून कधी गेला असाल तर मुकादमांना तुम्ही पाहिलंही असेल. तळमजल्याच्या गॅलरीत चाकाच्या खुर्चीत बसलेला, कधीकाळी धिप्पाड असलेला माणूस, मान एका खांद्यावर कलंडलेली, सकाळी अकरा वाजता ठार झोपलेला. कोणी म्हणायचं औषधांची गुंगी, कोणी म्हणायचं खचलाय बिचारा. एकदा भाजीवाल्याला "मेथी कशी..." एवढं विचारून ते झोपी गेले. भाजीवाला बराच वेळ वाट बघत उभा होता. शेवटी एक जुडी त्यांच्या मांडीवर ठेवून निघून गेला.

नव्या डॉक्टरांना मात्र ही झोप साधी वाटली नाही. त्यांनी तपासणी लिहून दिली आणि मी फॉर्म घेऊन मुकादमांच्या दारात उभी राहिले. आमच्या फॉर्मात एक रकाना आहे, "शेजारी झोपणाऱ्याचं म्हणणं". घोरतात का, श्वास थांबतो का, दचकून उठतात का, हे त्यात लिहायचं. कारण झोपलेल्या माणसाला स्वतःचं काहीच ठाऊक नसतं. त्याची साक्ष दुसऱ्यानेच द्यायची.

"शेजारी कोण झोपतं?" मी विचारलं.

"कोनी नाय."

"अहो, म्हणजे रात्री खोलीत कोण असतं?"

"लिव ना बाय. शेजारी कोनी नाय."

नेऱ्याचे काका स्वयंपाकघरातून हात पुसत आले. साठीचा, वाळका, कामसू माणूस. रात्री बाहेरच्या खोलीत झोपायचे आणि गजर लावून दोनदा उठून मुकादमांची कूस बदलून द्यायचे. ते म्हणाले, "मस्त झोपतात हो ताई! घोरनं पार भायेर ऐकू येतं. मधी मधी बंद होतं, तवा मला पन बरं वाटतं. म्हनतो, चला, आता शांत झोपले."

माझं पेन तिथेच थांबलं. ज्या शांततेला काका नमस्कार करत होते, तीच पकडायला मी आले होते. मान मोडलेल्या माणसांत हे फार दिसतं. छातीचे अर्धे स्नायू कामातून गेलेले असतात, बराच वेळ उताणं पडून काढावा लागतो, त्यात झोपेत घसा मिटतो आणि श्वास अडतो. मग शरीर घाबरून स्वतःला जागं करतं, एक घोट हवा घेतं, पुन्हा झोपतं, की पुन्हा अडतं. असं रात्रभर चालतं, आणि सकाळी त्या माणसाला यातलं काही आठवत नाही. मग तो भाजीवाल्यासमोर झोपतो.

तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन गेले आणि गॅलरीतच त्यांच्या मांडीवर उशी ठेवून त्यावर उघडला.

"ही रेघ म्हणजे तुमचा श्वास. ही वर-खाली, वर-खाली चालली आहे. इथे बघा, सपाट झाली."

"सपाट मंजे?"

"म्हणजे तुम्ही श्वास घेतला नाही."

"किती येल?"

"मोजा माझ्याबरोबर." आम्ही दोघं रेघेवर बोट ठेवून मोजायला लागलो. बोट माझं, आकडे त्यांचे. पंचविसापर्यंत आले आणि गप्प झाले. रेघ अजून सपाटच होती. पुढे आणखी एक सपाटी, आणखी एक, मी पानं सरकवत गेले. माणसं या जागी घाबरतात, काही जण तर माझ्यावरच चिडतात. मुकादमांनी फक्त एक विचारलं.

"हे कवापासनं असंल?"

"अपघातापासूनच असणार."

त्यांनी नजर रस्त्याकडे वळवली. मग म्हणाले, "मंजे ती खोटी नव्हती."

ती म्हणजे त्यांची बायको. घरात तिचा एक फोटोसुद्धा नव्हता, म्हणून मी समजून चालले होते की बाई वारली असेल. मुकादमांनी त्या दिवशी सगळं सांगितलं. अपघातानंतर काही वर्षं ती त्यांच्या पलंगाला लागून चटई टाकून झोपायची. झोपायची कसली, रात्रभर खांदा हलवायची, गालावर चापट्या मारायची, "अवो, श्वास घ्या! अवो!" ते दचकून उठायचे आणि तिच्यावर ओरडायचे. त्यांना वाटायचं, अपघाताच्या धक्क्याने हिचं डोकं फिरलंय. दिवसभर झोप यायची त्याचं खापरही तिच्यावरच. एके सकाळी मुलीदेखत, शेजाऱ्यांदेखत बोलले, "तुज्यामुलं माजी झोप होत नाय. तू हाय तवर मी असाच मेल्यागत पडनार." ती त्याच महिन्यात मुलीच्या बाळंतपणाला उरणकडे गेली, ती गेलीच. तो नातू आता शाळेत जातो.

"मग तुम्ही परत बोलावलं नाहीत?"

"कंच्या तोंडानं बोलवू?"

"ज्या तोंडाने हाकललंत त्याच तोंडाने," मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही, हे तुम्हाला पुढेही दिसेल. मुकादम हसले. मग डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपले, पण नव्हते झोपले.

मशीन लावायचं ठरलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून हवेचा दाब. घसा मिटू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. बाकीच्यांना मी पाच मिनिटांत शिकवून मोकळी होते. इथे मुकादमांनी साधा प्रश्न विचारला, "रातचा जीव घाबरला, लाईट गेली, तर हा मुखवटा काडनार कोन?" खरंच की. बोटं चालत नाहीत, आणि काकांची झोप अशी की गजराशिवाय कशानेच मोडत नाही. मी घरी जाऊन शिवणाचा डबा काढला आणि मास्कच्या पट्ट्याला परकराच्या नाडीचा एक मोठा फास शिवला. मनगट त्यात अडकवायचं आणि हात वर ओढायचा, मास्क निघालाच पाहिजे. पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा मुकादम ओरडले, "हाबेस!" आणि मास्क उडून काकांच्या तोंडावर बसला. त्या दिवशी आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

महिनाभरात माणूस बदलला. डोळ्यांखालचं काळं कमी झालं, मान सरळ राहायला लागली. भाजीवाल्याशी घासाघीस अशी की तो रडकुंडीला आला. मला म्हणाला, "ताई, ते झोपायचे तेच बरं होतं." माझी कॉलर ताठ. दर गुरुवारी मी मशीनमधलं नोंदींचं कार्ड वाचायला जायची आणि वर शाबासकी देऊन यायची. एका गुरुवारी मुकादम म्हणाले, "बाय, तुजी मशीन ब्येस हाय. पन एक घोटाला झाला. आदी दिवस झोपेत निंगून जायचा. आता पुरा दिवस दिसतो."

मी गॅलरीतून बाहेर बघितलं. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, तिच्यावर वाळत घातलेले कपडे, तिच्यापाशी लावलेल्या दोन रिक्षा. दुपारची एक झोप सोडली तर हे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत बघायचं. काका कामाचा माणूस, बोलायला बसत नसत. मुकादम जागे झाले होते आणि घरात जागं राहण्यासारखं काही नव्हतं. याचा विचार मी केलाच नव्हता. माझ्या फॉर्मात त्याला रकाना नाही.

मग त्यांनी मनातलं सांगितलं. "तू उरनकडं जातेस ना मशीनी लावाया? तिला तो रेघांचा कागद दाव. सांग, तू खरी होतीस."

"मी काय पोस्टमन आहे? फोन करा ना तुम्ही. काका लावून देतील."

"फोनवर मला नाय जमत."

मी टाळलं. खोटं कशाला बोलू, तीन-चार आठवडे टाळलं. नवरा-बायकोच्या भांडणात पडणाऱ्याचं थोबाड फुटतं, असं माझी आई म्हणायची. पण दर गुरुवारी मुकादम माझ्या कागदांच्या पिशवीकडे बघायचे. शेवटी एकदा त्या बाजूला काम निघालं आणि मी तिच्या दारात गाडी लावली.

ती ओट्यावर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत बसली होती. ठेंगणी, ठसठशीत कुंकू लावलेली बाई. मी कोण, कशाला आले ते सांगितलं आणि कागद तिच्यापुढे धरला. तिचे हात करंदीचे, तिने तो घेतला नाही, नुसता लांबून बघितला. मी तिला त्या सपाट रेघा दाखवल्या. म्हणाले, "मावशी, तुम्ही खऱ्या होतात. मुकादमांनीच सांगायला सांगितलंय."

"मी बोलत होते तवा मी येडी. आता कागद बोलला तवा खरी?" ती म्हणाली. पण आवाजात राग नव्हता. तिने पुढची करंदी उचलली. मग विचारलं, "आता कोन उठवतं त्यांना?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला माझ्या मशीनचा केवढा अभिमान! "आता कोणी उठवायला नको, मावशी. मशीन सगळं बघतं. तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

तिचा हात थांबला. "मंग झालं तर. माजं काय काम?"

मी सारवासारव करायला लागले, पण शब्द गेला तो गेला. निघताना तिने मला पाणी दिलं आणि एवढंच म्हणाली, "आनि बाय, निरोप धाडायचा नाय मला. त्यांचं हातपाय गेलं, तोंड तरी चालतंय ना?"

मुकादमांना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं, माझा गाढवपणासुद्धा. ते ओरडतील असं वाटलं होतं, मला तेच हवंही होतं. ते म्हणाले, "मशीन बगते बोललीस व्हय. बरोबरच बोललीस." आणि काकांना म्हणाले, खुर्ची आत घे.

दोन आठवड्यांनी दुकानात फोन आला. मुकादमांची मुलगी. "ताई, बाबांनी हे काय पाठवलंय? आई काल दुपारपासून जेवत नाय."

झालं होतं असं. मुकादमांनी दुपारी झोपताना काकांना मास्क लावू दिला नाही. मोबाइल उशीशी ठेवायला लावला, आवाज भरायला लावला, आणि झोपले. ते सगळं काकांकडून मुलीच्या फोनवर पाठवलं. मुलीने उत्सुकतेने लावलं, शेजारी आई बसलेली. आधी नुसतं घोरणं. मग घोरणं बंद. बंद म्हणजे बंदच. आई म्हणे उठून उभी राहिली आणि फोनलाच ओरडायला लागली, "अवो, श्वास घ्या! अवो!" मुलगी सांगत होती, हा आधी भरलेला आवाज आहे, बाबा ठीक आहेत, हे आईला चार वेळा समजवावं लागलं. रेकॉर्डिंगच्या शेवटी मुकादमांचा झोपाळलेला आवाज होता, "ऐकलास? तू खरी होतीस. मीच वंगाल बोललो."

मी स्कूटर घेऊन थेट खांदा कॉलनी गाठली. डोकं नुसतं तापलं होतं. काकांना आधी झापलं, मग मुकादमांना. "काही झालं असतं म्हणजे? जीव नकोसा झालाय का तुम्हाला? सरळ फोन उचलून बोलता येत नाही का माणसाला?"

मुकादम शांतपणे म्हणाले, "मला बोलता नाय येत, बाय. घोरता येतं. तेच धाडलं."

 मी गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि पदराने डोळे पुसले. भाजीवाला रस्त्यावरून विचारत होता, ताई, काय झालं?

त्या रविवारी मी पुन्हा गेले. मशीनची नळी तपासायची आहे अशी थाप मारून, खरं तर चोंबडेपणाने. रविवारी दुपारी काका नेऱ्याला घरी जायचे आणि संध्याकाळी परतायचे. तेवढा वेळ शेजारच्या वहिनी अधूनमधून डोकावायच्या. त्या दिवशी दार नुसतं लोटलेलं होतं. आत मुकादम झोपले होते, मास्क खुंटीवर, घोरणं दारापर्यंत. पलंगाशी प्लास्टिकच्या स्टुलावर ती बसली होती, मेथी निवडत. घोरणं थांबलं. तिने मेथीवरची नजर काढली नाही, नुसता डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "अवो, श्वास घ्या." एक मोठा श्वास आला. तिने पुढची काडी उचलली.

मी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. माझ्या बाबतीत हे क्वचितच घडतं.

मुकादम जागे झाले तेव्हा मला बघून म्हणाले, "आज मशीनला सुटी हाय." मी म्हणाले, अशी सुटी मशीनला मिळत नसते. मग तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, बरं, रविवारी दुपारी, तासभर, कुशीवर, आणि मावशी उशाशी असतील तरच. डॉक्टरांना कळलं तर मला ओळख दाखवू नका. पुढच्या भेटीत मीच डॉक्टरांना सांगून टाकलं. ते आधी रागावले, मग तासाच्या वर एक मिनिट नाही म्हणाले.

दर रविवारी ती यायची आणि पाचच्या एसटीने परत जायची. एकदा मी तिला स्कूटरवरून स्टँडवर सोडलं आणि न राहवून विचारलं, "मावशी, राहत का नाही आता? माणूस वाट बघतो."

"रातचं नको," ती मागून म्हणाली. "मला जाग येते. मी हात लावनार, ते उठनार, आनि झोपेत परत तसंच काय बोलले तर? येकदा ऐकलं तेवडं पुरं."

मुकादमांनी तिला राहा म्हटलं नाही. त्यांना भीती, नाही म्हणाली तर रविवारही जायचा. इतके हुकूम सोडणारा माणूस, पण हे एक त्यांच्याने होईना. मी गुरुवारी गेले की पहिला प्रश्न असायचा, "आज वार कंचा?"

"गुरुवार."

"बेस्तरवार. मंजे अजून तीन." आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे.

भाद्रपदात त्यांना खोकला झाला. मान मोडलेल्या माणसाला खोकायलाही जोर नसतो, कफ आतच राहतो. काकांनी पाठ थोपटली, वाफ दिली, शेवटी दवाखान्यात हलवावं लागलं. आयसीयूत नातेवाइकांना बसू देत नाहीत. ती चार दिवस बाहेरच्या बाकावर बसून होती. मी डबा घेऊन गेले तेव्हा मला म्हणाली, "आत मशीन हाय ना?" मी हो म्हणाले. या वेळी बाकी काही बोलले नाही, तिच्याशेजारी बसून राहिले. पाचव्या दिवशी पहाटे मुकादम गेले.

तेरावं झाल्यावर नेऱ्याचे काका मशीन कापडी पिशवीत घालून दुकानात घेऊन आले. मास्क धुऊन, पुसून. माझा नाडीचा फासही तसाच. काका टेबलाशीच उभे राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "आता कोन बोलनार, हाबेस," आणि निघून गेले. बसले असते तर चहा दिला असता.

मशीन परत घेताना कार्ड वाचायचं आणि फॉर्म भरायचा असा दुकानाचा नियम आहे. मी कार्ड लावलं. मुकादमांच्या सगळ्या रात्री पडद्यावर आल्या, दवाखान्यात हलवेपर्यंत एकही चुकली नव्हती. खाली दुपारच्या झोपेच्या छोट्या पट्ट्या होत्या. सोमवार, मंगळवार, बुधवार, बेस्तरवार, शुक्रवार, शनिवार. रविवार कोरा. पुढचा आठवडा, तसाच, रविवार कोरा. मी खालपर्यंत गेले. मावशी यायला लागल्या तेव्हापासून शेवटच्या महिन्यापर्यंत सगळे रविवार कोरे होते.

फॉर्मात विचारलं होतं, "वापर नाही. कारण?" पुढे चौकोन. मास्क बसत नाही. वीज नव्हती. पेशंट गावी. शेवटी "इतर" आणि एक टिंबटिंबांची ओळ. माझ्या मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, दुकानातला मुलगा विचारत होता वॉकर कुठला दाखवू. मी पेन उघडलं आणि त्या ओळीवर लिहिलं, "शेजारी कोणी होतं."